दांपत्य आणि कुटुंब समुपदेशन: पहिल्या फोनपासून शेवटच्या सत्रापर्यंत कामाचा क्रम

जोडप्यांसोबत नव्याने काम करू लागलेल्या समुपदेशकांच्या केसेस ऐकताना एक गोष्ट वारंवार दिसते. त्यांना तंत्रं येत असतात, पण क्रम चुकतो. जोडपं येऊन बसतं, एकजण बोलायला लागतो आणि चाळीस मिनिटं त्याच्या तक्रारीतच जातात. दुसरी व्यक्ती हळूहळू गप्प होते. शेवटच्या दहा मिनिटांत 'एकमेकांशी मोकळेपणाने बोलत चला' असं सांगून पुढची तारीख दिली जाते, आणि त्या तारखेला कुणी येत नाही.

या चुकीचं मूळ वैयक्तिक समुपदेशनाच्या सवयीत आहे. तिथे समोरच्याचं म्हणणं धरून पुढे जाता येतं. इथे एकाच खोलीत दोन खऱ्या बाजू बसलेल्या असतात, आणि काम करायचं असतं ते त्या दोघांमध्ये जे घडतं त्यावर. ज्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे आणि जे सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली, काम करतात, त्यांच्यासाठी खालचे टप्पे लिहिले आहेत. ते याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: पहिला फोन

फोन एकजणच करतो. बहुतेक वेळा तो वैतागलेला, थकलेला असतो आणि त्याला लगेच सगळं सांगून टाकायचं असतं. तुम्ही ते ऐकत बसलात, तर पहिल्या सत्राआधीच तुम्ही 'त्याचे' समुपदेशक झालेले असता. म्हणून फोन दहा-पंधरा मिनिटांत आटोपा आणि एवढंच विचारा:

- कोण येणार आहे? दुसऱ्या व्यक्तीला हे माहीत आहे का, आणि तिची तयारी किती आहे?
- आत्ताच यावंसं का वाटलं? अलीकडे काय घडलं?
- दोघांपैकी कुणी दुसरीकडे समुपदेशन किंवा मानसोपचार घेत आहे का?
- कोर्टात काही चालू आहे का?
- घरात कुणाला कुणाची भीती वाटते का? आत्ता बोलायला तुम्ही एकटे आहात का?

मग दुसऱ्या व्यक्तीशीही फोनवर तेवढाच वेळ बोला आणि तेच प्रश्न विचारा. हे बोलणं न करताच बरेच जण पहिलं सत्र ठरवतात. यायला नाखूश असलेल्या जोडीदाराला मात्र या एका फोनमुळे पटतं की इथे आपल्याला आरोपी म्हणून बोलावलेलं नाही.

सावधान: दोघांपैकी एकाचं वैयक्तिक समुपदेशन तुम्ही आधीपासून करत असाल, तर त्या जोडप्याचं काम स्वतःकडे घेऊ नका, दुसऱ्याकडे पाठवा. महिनोन्‌महिने एका बाजूने ऐकलेली गोष्ट मनातून पुसता येत नाही, आणि दुसऱ्या जोडीदाराला ते पहिल्या पाच मिनिटांत जाणवतं.

## टप्पा २: लेखी करार, विशेषतः गुपितांविषयी

संमतिपत्र म्हणजे सही घेऊन फाइलला लावायचा कागद नव्हे. तो दोघांसमोर मोठ्याने वाचा आणि थांबून प्रश्न घ्या. त्यात फी, सत्राची लांबी, रद्द करण्याचा नियम आणि एकजण आला नाही तर सत्र होणार की नाही, हे सगळं हवं. जोडप्यासाठी पन्नास मिनिटं तोकडी पडतात. विषय तापेपर्यंत वेळ संपतो आणि दोघं तशाच अवस्थेत घरी जातात. पंचाहत्तर ते नव्वद मिनिटं ठेवा.

नोंदी कुणाच्या, हेही लिहा. फाइल जोडप्याची एकत्र असेल, तर दोघांच्या लेखी संमतीशिवाय ती कुणा एकाला देणार नाही, असं स्पष्ट सांगा. गोपनीयतेला कुठे मर्यादा आहेत, तेही सांगा: कुणाच्या जिवाला धोका, मुलांवर होणारा अत्याचार, न्यायालयाचा आदेश. तुम्ही जिथे काम करता तिथला कायदा याबाबत काय सांगतो, हे करार लिहिण्याआधी नीट वाचून घ्या.

आता गुपितांविषयी. वैयक्तिक भेटीत नवरा किंवा बायको सांगते, "माझे बाहेर संबंध आहेत, पण हे तिला किंवा त्याला सांगू नका." तुमचं धोरण आधी ठरलेलं नसेल, तर त्याच क्षणी तुम्ही अडकता. सांगितलं तर विश्वासघात होतो. नाही सांगितलं, तर दुसऱ्या जोडीदाराला अंधारात ठेवण्यात तुम्ही सामील होता आणि पुढचं प्रत्येक सत्र खोटं ठरतं. म्हणून पुढील दोनपैकी एक धोरण निवडा.

पहिलं म्हणजे गुपित ठेवायचंच नाही. वैयक्तिक भेटीत सांगितलेलं सगळं संयुक्त कामात येऊ शकतं. हे स्वच्छ आहे, पण त्यामुळे काही जण भेटीत महत्त्वाचं सांगतच नाहीत, आणि मारहाणीची माहितीही दडून राहू शकते.

दुसरं म्हणजे समुपदेशकाचा विवेक. वैयक्तिक भेटीत सांगितलेलं मी आपणहून दुसऱ्याला सांगणार नाही. पण संयुक्त काम पोखरणारी गोष्ट असेल, तर ती स्वतः सांगण्यासाठी मी त्या व्यक्तीला मदत करीन आणि मुदत देईन. त्या मुदतीत ती सांगितली गेली नाही, तर कारण न देता मी जोडप्याचं काम थांबवीन. सुरक्षिततेशी संबंधित माहिती मात्र कधीही दुसऱ्यापुढे उघड करणार नाही.

माझा कल दुसऱ्या धोरणाकडे आहे, कारण पहिल्यात घाबरलेल्या माणसाला बोलायला जागाच उरत नाही. तुम्ही कुठलंही निवडा, पण वैयक्तिक भेटी होण्याआधी ते लेखी द्या आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

तपासा: 'एकट्याने सांगितलेल्या गोष्टीचं इथे काय होतं?' या प्रश्नाचं उत्तर दोघांना स्वतःच्या शब्दांत देता येतं का? येत नसेल, तर पुन्हा समजावून सांगा.

## टप्पा ३: पहिलं संयुक्त सत्र

बसण्याची व्यवस्था आधी पाहा. दोघांच्या खुर्च्या तुमच्यापासून सारख्या अंतरावर आणि एकमेकांकडे सहज वळता येईल अशा ठेवा. एकजण तुमच्या जवळ आणि दुसरा दाराजवळ, असं होऊ देऊ नका.

सुरुवात, शक्यतो, यायला कमी तयार असलेल्या व्यक्तीपासून करा. "तुम्हाला इथे यायचं नव्हतं, तरी आलात. यातून काय झालं तर येणं वाया गेलं नाही असं वाटेल?" नंतर तेवढाच वेळ दुसऱ्या व्यक्तीला द्या. एक जण सलग बोलत सुटला, तर चार-पाच मिनिटांत नम्रपणे थांबवा. थांबवणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून नवे समुपदेशक कचरतात. खरं तर न थांबवल्याने दुसऱ्या व्यक्तीवर अन्याय होतो. दोघांनाही तेच हवं असतं: इथे कुणीतरी गाडी सावरणारं आहे, ही खात्री.

तक्रारींच्या पलीकडे जाण्यासाठी इटलीतल्या मिलानच्या कुटुंबोपचारतज्ज्ञांच्या गटाने मांडलेले वर्तुळाकार प्रश्न फार उपयोगी पडतात. 'तुम्हाला राग का येतो?' असं न विचारता विचारा: "त्या गप्प झाल्या की तुम्ही काय करता? आणि तुम्ही तसं केलं की त्या काय करतात? हे सगळ्यात आधी घरात कुणाच्या लक्षात येतं?" अशा प्रश्नांमुळे दोष एका माणसावरून उठून दोघांच्या हालचालींच्या साखळीवर जातो.

आणखी दोन गोष्टी या सत्रात हव्यात. एक, दोघं कसे भेटले आणि एकत्र कसे आले, हे विचारा. माहितीपेक्षा सांगण्याची रीत पाहा. एकजण सांगताना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काही उजळतं का? की त्या आठवणीही कडवट झाल्या आहेत? दोन, मध्यम तीव्रतेचा एखादा वादाचा विषय घेऊन त्यांना दहा मिनिटं आपसात बोलू द्या आणि तुम्ही मागे सरा. अमेरिकी संशोधक जॉन गॉटमन यांनी नात्याला घातक म्हणून दाखवलेल्या चार सवयी इथे डोळ्यांनी दिसतात: स्वभावावर बोट ठेवणारी टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं बंद होणं. यांतली तुच्छता सगळ्यात विषारी. डोळे फिरवणं, नक्कल करणं, 'तुला काय कळतंय' हा सूर दिसला की नोंद करा.

सावधान: या सत्रात सल्ला आणि गृहपाठ देऊ नका, कोण बरोबर हेही सांगू नका. शेवटी फक्त तुम्हाला दिसलेली साखळी दोघांना मान्य होईल अशा शब्दांत मांडा आणि पुढच्या वैयक्तिक भेटींचा हेतू सांगा.

## टप्पा ४: वैयक्तिक भेटी आणि सुरक्षिततेची तपासणी

दोघांना एकेकट्याने, सारख्या वेळेसाठी भेटा. ही भेट होईपर्यंत खोल भावनांचं कोणतंही काम सुरू करायचं नाही. जोडीदारासमोर मारहाणीबद्दल विचारलं, तर खरं उत्तर मिळत नाही. आणि मिळालंच, तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागू शकते.

'घरात हिंसा होते का?' असा ढोबळ प्रश्न विचारू नका. बरेच लोक ढकलण्याला हिंसा म्हणत नाहीत. नेमकं विचारा: भांडण टोकाला गेलं की काय काय होतं? कुणी ढकललं, अडवलं, वस्तू फेकल्या? कधी गळा दाबला? मनाविरुद्ध शरीरसंबंध? पैसे, फोन, बाहेर जाणं यांवर कुणाचं नियंत्रण आहे? जीव घेण्याची किंवा देण्याची धमकी? इथे मोकळं बोलल्यामुळे घरी काही होईल अशी भीती वाटते का?

उत्तरांवरून दोन चित्रं वेगळी करा. एकात वाद चिघळून दोघांकडून क्वचित धक्काबुक्की होते, पण कुणी कुणाला घाबरून जगत नाही. दुसऱ्यात एक व्यक्ती दुसरीचं आयुष्य धाकाने ताब्यात ठेवते. दुसऱ्या चित्रात संयुक्त सत्रं घेऊ नयेत. खोलीत खरं बोलणारी व्यक्ती घरी असुरक्षित होते, आणि संवादाची कौशल्यं नियंत्रण करणाऱ्याच्या हातात आणखी एक हत्यार ठरतात. गळा दाबल्याचा इतिहास हे जिवाच्या धोक्याचं गंभीर लक्षण आहे. वेगळं होण्याच्या सुमारास धोका वाढतो, म्हणून 'लगेच घर सोडा' असं घाईने सांगू नका. आधी सुरक्षिततेची योजना करा, हिंसाचारग्रस्तांसोबत काम करणाऱ्या तज्ज्ञांशी जोडून द्या आणि संपर्कासाठी सुरक्षित वेळ व नंबर विचारून घ्या. संयुक्त काम थांबवताना दुसऱ्याला द्यायचं कारण तटस्थ ठेवा: 'आत्ता दोघांनी स्वतंत्रपणे काम करणं अधिक योग्य वाटतं.'

याच भेटीत आत्महत्येचे विचार, व्यसन आणि उपचार न झालेला गंभीर मानसिक आजार यांचीही चौकशी करा. आणि एक साधा प्रश्न विचारा: "हे नातं टिकावं असं तुम्हाला मनापासून किती वाटतं?" एकाला सोडायचं आहे आणि दुसऱ्याला टिकवायचं आहे, असं निघालं तर नेहमीचं दांपत्य समुपदेशन सुरू करू नका. अशा जोडप्यांसाठी अमेरिकेतले विल्यम डोहर्टी यांनी निर्णयाच्या स्पष्टतेसाठी छोटी पद्धत आखली आहे. तिच्यात जास्तीत जास्त पाच सत्रं असतात आणि समोर तीन वाटा ठेवल्या जातात: आहे तसं राहणं, वेगळं होणं किंवा सहा महिने विभक्त होण्याचा विचार बाजूला ठेवून प्रामाणिक प्रयत्न करणं.

तपासा: सुरक्षितता, व्यसन, आत्महत्येचा धोका आणि नात्याविषयीची तयारी, या चारही गोष्टींची नोंद दोघांच्या बाबतीत झाली का? एकही राहिली असेल, तर पुढचा टप्पा थांबवा.

## टप्पा ५: चित्र कागदावर मांडा

तीन पिढ्यांचा जीनोग्राम, म्हणजे कुटुंबातल्या माणसांचा आणि नात्यांचा नकाशा, काढा, तोही दोघांसमोर. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ, विभक्त झाल्यास त्या रेघेवर एक तिरकी काट आणि घटस्फोटाला दोन. संघर्षाच्या नात्याला नागमोडी टोकदार रेघ. चिन्हं पाठ असण्यापेक्षा प्रश्न महत्त्वाचे: तुमच्या घरी राग कसा व्यक्त व्हायचा? भांडणानंतर कोण आधी बोलायचं? मदत मागणं चालायचं का?

मग त्रिकोण शोधा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी दाखवलं की दोघांमधला ताण असह्य झाला की तिसरं कुणीतरी आत ओढलं जातं: मूल, आई, कामाचं ठिकाण, कधी खुद्द समुपदेशक. कुठला त्रिकोण तयार आहे आणि तुम्हाला कुठल्या कोपऱ्यात बसवण्याचा प्रयत्न चालू आहे, ते लिहून ठेवा.

शेवटी साखळी एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: 'तिला एकटं वाटलं की ती जोरात विचारते, त्याला आपण कमी पडलो असं वाटून तो गप्प होतो, आणि त्याच्या गप्प होण्याने तिचं एकटेपण वाढतं.' हे वाक्य वाचून दोघंही 'हो, असंच होतं' म्हणाले, तर तुमची मांडणी बरोबर आहे. एकानेच मान डोलावली, तर तुम्ही नकळत बाजू घेतलेली आहे. वाक्य बदला.

## टप्पा ६: पद्धत निवडा आणि ध्येय लिहा

इथे होणारी मोठी चूक म्हणजे दर सत्राला नवी पद्धत. एक मुख्य पद्धत धरा आणि ती मांडणीवरून ठरवा.

एक पाठलाग करतो आणि दुसरा दूर पळतो, रागाखाली असुरक्षितता आहे, अशी साखळी असेल तर स्यू जॉन्सन यांची भावनाकेंद्रित पद्धत चांगली. तिचा क्रम ठरलेला आहे: आधी साखळीचा जोर कमी करणं, मग नव्याने जवळ येण्याचे अनुभव, मग ते पक्के करणं. स्वभावातले मूलभूत फरक हाच वाद असेल, तर क्रिस्टेन्सन आणि जेकबसन यांची बदल आणि स्वीकार दोन्हींवर काम करणारी वर्तनपद्धत घ्या. गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांचे ६९ टक्के वाद कायमचे, म्हणजे न सुटणारे आढळले. त्यामुळे प्रत्येक वाद सोडवून द्यायचं ओझं घेऊ नका, काही विषयांवर न दुखावता बोलत राहता येणं हेच ध्येय असतं. मुलं आईवडिलांच्या भांडणात ओढली गेली असतील किंवा घरात कुणाचा शब्द चालतो याचाच गोंधळ असेल, तर साल्वाडोर मिनुचिन यांची, घरातल्या भूमिका आणि सीमा नीट लावणारी रचनात्मक पद्धत. जोडपं मूलतः ठीक आहे आणि अडचण मर्यादित आहे, तर स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांची, अडचणीपेक्षा जे जमतंय त्यावर भर देणारी उपायकेंद्रित पद्धत, शून्य ते दहाच्या मोजपट्टीसह, थोड्या सत्रांत पुरते.

ध्येय डोळ्यांना दिसेल असं लिहा. 'संवाद सुधारावा' हे ध्येय नाही. 'पैशांवर बोलताना दोघांपैकी कुणीही खोलीतून न सांगता उठून जात नाही' हे ध्येय आहे.

## टप्पा ७: मधली सत्रं

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पाच मिनिटं मागच्या आठवड्यातलं काय बरं गेलं आणि काय अडलं ते ऐका. मग एकच प्रसंग निवडा आणि तो संथ गतीने उलगडा. तीन प्रसंग घेतले की तिन्ही अर्धवट राहतात.

सगळ्यात अवघड कौशल्य म्हणजे पेटलेलं सत्र थांबवणं. माणसाची नाडी मिनिटाला साधारण १०० च्या वर गेली की समोरचं ऐकून घेण्याची क्षमता घटते. चेहरा लाल होणं, श्वास उथळ होणं, नजर गोठणं दिसलं की बोलणं थांबवा. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. घरासाठीही विश्रांतीचा नियम ठरवा: थांबायचं आहे हे सांगणाऱ्यानेच परत बोलायची वेळ सांगायची, तीही त्याच दिवसातली. ही दुसरी अट राहिली, तर विश्रांती म्हणजे पळ काढण्याची परवानगी होते.

नेहमी दिसणाऱ्या चुका:

- न्यायाधीश होणं. 'तुम्हीच सांगा, चूक कुणाची?' याला उत्तर देऊ नका. त्या प्रश्नामागची भीती विचारा.
- कायमचा दुभाषा होणं. एकाचं म्हणणं तुम्हीच दुसऱ्याला समजावत राहिलात, तर ते तुमच्याशिवाय बोलायला शिकत नाहीत. खुर्च्या वळवा आणि "हे त्यांनाच सांगा" म्हणा.
- जास्त समजूतदार वाटणाऱ्याकडे झुकणं. छान बोलता येणारी व्यक्ती बरोबर असतेच असं नाही.
- दोघं तापलेले असताना कौशल्य शिकवणं. आधी शांत करा, मग शिकवा.

गृहपाठ लहान द्या: आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, वादग्रस्त विषय वगळून. झाला नाही तर रागावू नका. काय आड आलं, ते विचारा. त्यात बहुधा तीच साखळी सापडते.

## टप्पा ८: मुलं किंवा इतर कुटुंबीय येणार असतील तर

आधी पालकांना एकत्र भेटा आणि या सत्राचा हेतू ठरवा. मुलासाठी दोन्ही पालकांची संमती आणि मुलाच्या वयाला समजेल असं स्पष्टीकरण हवं. 'याच्यामुळेच सगळं बिघडलं' म्हणून आणलेल्या मुलाला पहिल्याच मिनिटाला त्या ओझ्यातून सोडवा: "घरात काय काय अवघड होतंय, ते सगळ्यांकडून ऐकायला आपण बसलो आहोत." मुलाला कुठल्या पालकाकडे राहायचं किंवा कोण चुकतं, असं कधीच विचारू नका. पालकांचे शरीरसंबंध, बाहेरचे संबंध, पैशांची भांडणं हे विषय मुलांसमोर निघाले, तर मुलांना बाहेर बसवून सत्र पालकांपुरतं करा.

## टप्पा ९: आढावा आणि समाप्ती

दर चार-पाच सत्रांनी लिहिलेली ध्येयं काढा आणि दोघांना वेगवेगळ्या कागदावर शून्य ते दहा गुण द्यायला सांगा. एकत्र विचारलं तर एकाचं ऐकून दुसरा उत्तर देतो. सहा-आठ सत्रांनंतरही आकडे हलत नसतील, तर सुपरव्हिजनमध्ये केस मांडा. लपलेलं व्यसन, चालू असलेले बाहेरचे संबंध, निसटलेली हिंसा किंवा तुमची झुकलेली बाजू, यांपैकी काहीतरी बहुतेकदा सापडतं.

सुधारणा टिकू लागली की सत्रं एकदम बंद करू नका. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी, असं अंतर वाढवा. शेवटच्या दोन सत्रांत दोघांकडून लिहून घ्या: साखळी परत सुरू झाल्याची पहिली खूण कोणती, त्यावेळी कोण काय म्हणेल, आणि किती दिवस तसंच राहिलं तर परत फोन करायचा.

जोडप्याने वेगळं व्हायचं ठरवलं, तरी काम संपत नाही. मुलांना काय, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, दोघांनी एकत्र कसं सांगायचं, पुढे निरोप कसे पोहोचवायचे, यासाठी दोन-तीन सत्रं ठेवा. मुलांच्या ताब्याविषयी मत देण्याची विनंती झाली, तर नकार द्या. समुपदेशक आणि मूल्यमापक या भूमिका एकाच व्यक्तीने करायच्या नसतात. समाप्तीची नोंद त्याच आठवड्यात पूर्ण करा: ध्येय काय होतं, कुठवर पोहोचलं, धोक्याची शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढे कुणाकडे पाठवलं.